चार नंबरच्या पेटीचा ग्राफ

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं, की उबवणी केंद्राच्या फाटकातून समोरचं दार दिसत नव्हतं. आत मात्र अंड्यांचे ट्रे घेऊन पारामामांची फेरी कधीच सुरू झाली होती. तीस वर्षं अंड्यांची ऊब सांभाळून म्हाताऱ्याची नजर सदा थर्मामीटरच्या पाऱ्यावर, म्हणून हे नाव. उबवणीच्या सहा पेट्या, एकेकीत हजारो अंडी, आणि मामांच्या काखेत नोंदवही.

त्या वहीची जागा आज ताईबाईच्या स्क्रीनला मिळायची होती. निदान तिला तशी आशा होती.

तिच्या कंपनीतला तरुण साहेब तिला ताई म्हणायचा, मामा बाई म्हणायचे. दोन्ही मिळून ती ताईबाई झाली. नऊ वर्षं जुळी पोरं आणि सासूबाईंचं आजारपण काढून ती पुन्हा प्रोग्रॅम लिहायला बसली होती. साहेबानं दिलेली तीन महिन्यांची मुदत आज संपत होती. "मामांनी मान डोलावली तर तुम्ही कायम," एवढंच तो म्हणाला होता.

स्क्रीन तिनं सुट्या सुट्या खणांची बांधली होती. एका खणात पेट्यांचे नंबर, दुसऱ्यात तापमानाचा ग्राफ. नंबर दाबला की त्या पेटीचा ग्राफ यायचा. रेघेवर बोट ठेवलं की त्या वेळेचा आकडा उघडायचा.

मामांनी हात पुसून आधी सहा नंबर दाबला. तिथली पिल्लं बाहेर पडायच्या बेतात, ऊब मुद्दाम उतरवलेली. छत्तीस पॉइंट नऊ. "बरोबर." मग चार नंबर. रेघेवर बोट ठेवलं मात्र, रेघ टुणकन उडाली आणि आकडा आला, छत्तीस पॉइंट नऊ!

"अगं बाई, चार नंबर गारठला!" म्हणत मामा धावले. हीटरच्या खटक्याकडे हात गेलाच होता, पण जन्माची सवय. आधी काचेतून थर्मामीटर पाहिला. सदतीस पॉइंट सहा. जिथल्या तिथं.

परतले ते तोंड आंबट करून.

"तुझा ग्राफ तोंडावर थापा मारतो की गं! खटका ओढला असता तर पिल्लं अंड्यातच उकडली असती. माझी वहीच बरी. सांगतो तुझ्या साहेबाला."

नेट गेलं होतं, यंत्र जुनं आहे, सांगायला सबबी ढीगभर होत्या. पण ताईबाईनं स्वतः रेघेवर बोट ठेवलं. चारच्या ग्राफात सहाचा आकडा! आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मामा, चूक माझीच आहे. नवा भाडेकरू खोलीत घातला, पण जुन्याला बाहेर काढलंच नाही. चारच्या खाली सहाचा ग्राफ तसाच बसलाय. हात लागला की डोकं वर काढतो."

"मग काढ त्याला. सामानासकट."

"चहा होईपर्यंत वेळ द्या."

"इथला चहा बिनसाखरेचा. लवकर होतो."

तीनच ओळी लागल्या. पेटी बदलली की आधीचा ग्राफ पुसून टाक, मगच नवा काढ.

मग मामांनी परीक्षा घेतली. चार, सहा, दोन, पुन्हा चार. दर वेळी बोट रेघेवरून फिरवायचे आणि उठून काचेतून बघून यायचे. विसाव्या वेळेलाही आकडा जुळला, तेव्हा त्यांनी फोन लावला.

"हां साहेब. तुमच्या ताईबाईनं या वयात मला पळवलं. अहो, ऐका तर! चुकली, पण दुसऱ्याच्या अंगावर ढकललं नाही. ठेवा हिला. वही महिनाभर शेजारी राहील, पुढचं पुढं." फोन खिशात घालून ते तिच्याकडे वळले. "आणि हे बघ, पेटीचं दार उघडलं की रेघ जरा खाली बसते. तिथं बोट ठेवून 'दार उघडलं' असं लिहिता येईल का मला?"

"येईल की!"

"कर मग. नाहीतर उद्या दुसरा कुणी माझ्यासारखा पळत सुटेल."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या.

"राहिली का नोकरी?"

"राहिली."

"मग बस इथं, शेंगांच्या शिरा काढ. जुळी भुकेनं ओरडतील आता."

ताईबाईनं ताट पुढे ओढलं आणि शेंगा मोडायला घेतल्या.