रुखमाबाईंचा खांदा, गिरिधरची रोटी

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत १९७७ साली एका खोलीवर पाटी लागली : 'भौतिकोपचार केंद्र'. पहिल्या आठवड्यात तिथे दोनच माणसं आली. दोघेही मॅट्रिकच्या मुलांचे वडील होते आणि भौतिकशास्त्राच्या शिकवणीची चौकशी करत होते. केंद्र चालवणाऱ्या गिरिधरने दोघांना बसवून पाणी दिलं. त्यातल्या एकाची मान जरा डावीकडे कललेली होती. "काका, उशी किती जाड घेता?" त्याने विचारलं. तोच त्याचा पहिला रुग्ण.

गिरिधर माझा विद्यार्थी. सातवीत असताना मी त्याला अख्खा तास बाकावर उभा केला होता. मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात आमचे हेडमास्तर वामनराव यांची चाल करून दाखवत होता आणि पोरं हसून लोळत होती. "लाज नाही वाटत?" मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, हेडसरांना उजवा जोडा चावतो. तसं चालून पाहिलं की कळतं." या उद्धटपणाबद्दल मी त्याला आणखी एक तास उभा ठेवला. पुढच्या सोमवारी वामनराव चपला घालून शाळेत आले.

पुढे तो मुंबईला जाऊन तीन वर्षं फिजिओथेरपी शिकला, पण व्हरांड्यातली ती खोड काही त्याने सोडली नाही. रुग्ण दारात आला की गिरिधर आधी त्याच्यासारखा उभा राही. त्याच्यासारखा वाके, चाले, खुर्चीत बसे. मग आपल्याच पाठीवर एक बोट ठेवून विचारी, "इथे ओढतं ना?" बहुधा तिथेच ओढत असे.

माझे शेजारी चंद्रभान पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांची आई रुखमाबाई कुहीजवळच्या गावी राही. पौषात धानाच्या मळणीच्या वेळी ती खळ्यावर पडली आणि खांद्याजवळ हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात बांधलेला होता. हाड जुळलं, पण खांदा धरला. डोक्यावरचा पदरही तिला डाव्या हाताने घ्यावा लागे. चंद्रभान तिला आपल्याकडे राहायला घेऊन आले आणि गिरिधरकडे घेऊन निघाले, तेव्हा सोबत म्हणून मीही गेलो.

दारातच म्हातारी थांबली. "मी परक्या माणसाले हात लावू देत नाई. आधीच सांगून ठेवतो."

"नाही लावत, आजी," गिरिधर म्हणाला आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"मंग काय दुरून मंतर मारतं का?"

"मंतर नाही येत. एवढं सांगा, हात बरा झाला की पहिलं काम कोणतं कराल?"

"गोपीच्या लग्नात रोट्या." गोपिका ही तिची नात, चंद्रभानची मुलगी. लग्न वैशाखात गावीच होतं. "आमच्या गावच्या मांडवात लांब रोटी माह्या हातची असते. चाळीस वर्स झाले."

"माय, आचारी सांगू ना," चंद्रभान म्हणाले. त्यावर म्हातारीने जे तोंड फिरवलं, ते घरी पोचेपर्यंत सरळ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरिधरने आम्हाला पुन्हा बोलावलं. शेगडीवर माठ पालथा घातलेला होता आणि परातीत सैल भिजवलेली कणीक. लांब रोटीचा गोळा लाटत नाहीत. तो दोन्ही हातांवर झुलवत, या हातावरून त्या हातावर टाकत कोपरापर्यंत पसरवतात आणि मग अलगद माठावर सोडतात. गिरिधरने गोळा उचलून झुलवला. तो फाटला आणि थेट त्याच्या पायावर पडला.

"असा काहून झटकून राह्यला गा? साप हाय का तो?" रुखमाबाई हसून बेजार झाली. "तुले पोरगी कोण देईन!"

त्याने दुसरा गोळा घेतला. या वेळी उजवं कोपर त्याने बरगडीला घट्ट चिकटवलं होतं.

"हे कोपर बगलेत काहून दाबलं?"

"तुमचं पाहून शिकलो, आजी. तुमचं असंच असतं."

म्हातारीने खाली आपल्या कोपराकडे पाहिलं. मग तिला राहवेना. "अरे, वर घे. आनखी वर. असा..." बोलता बोलता तिचा उजवा हात छातीपर्यंत वर आला होता. तो तिलाच दिसला. "अवं माय!"

"कसा, आजी? पुन्हा दाखवा, मला नीट दिसलं नाही," गिरिधर म्हणाला.

मग रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. आधी रिकामे हात, मग ओला पंचा, मग कणीक. दुखणं घटकाभरात उतरलं तर ठीक, संध्याकाळपर्यंत राहिलं तर उद्याचे हेलकावे कमी. मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. फाटलेल्या रोट्या मात्र महिनाभर गिरिधरच खात होता.

वैशाखात आम्ही गावी गेलो. रुखमाबाई चुलीपुढे बसली आणि मांडवातल्या बायका भोवती गोळा झाल्या. पहिली रोटी हातांवर झुलली, पसरली, माठावर पडली. फाटली नाही. उजवी बाजू मात्र डावीपेक्षा आखूड होती.

पंगतीत नवऱ्या मुलाचे मामा देवराव यांनी रोटी दोन्ही हातांनी उचलून धरली. "विहीणबाई, एका बाजूनं चोरली का?"

"तो डाक्तर बसला ना, त्याले इचारा!"

गिरिधरचे कान लाल झाले. "चार बोटं बाकी आहेत, आजी. दिवाळीनंतर पुरी होतील."

"तुह्या लग्नात सारखी करतो. पन तूही घाई कर गा बाबू, सत्तरी आली माही."

देवरावांनी त्याला निरखून पाहिलं आणि वाढप्याला थांबवून आपल्या भाचीची गोष्ट काढली.

मार्गशीर्षात त्याच भाचीशी, सुमतीशी, गिरिधरचं लग्न लागलं. रोट्या दोन्ही बाजूंनी सारख्या होत्या. मास्तरच्या सवयीने मी वीत लावून पाहिली. आणि मंगलाष्टकांच्या वेळी मागच्या रांगेतून रुखमाबाईने अक्षता फेकल्या, त्या उजव्या हाताने, सगळ्यांच्या फेट्यांवरून, नेमक्या गिरिधरच्या डोक्यावर.