राणीच्या लुगड्याचा रंग

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. आमचं लग्न नवीन. राहायला कोपरीत, आणि कामाला मी खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगरात, दगडाच्या खाणीत. सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायचो. एका रविवारी बायकोला ठाण्यात सिनेमाला नेलं. जुन्या काळच्या लढाईचा सिनेमा. राणी राजाला ओवाळते, राजा घोड्यावर बसून जातो, तो परत येतच नाही.

घरी येताना रेल्वेच्या पुलावर ही थांबली.

"अहो, ओवाळताना राणी पांढरं लुगडं नेसलेली."

"अगं, सिनेमाच काळापांढरा. त्यात रंग कुठून आणलास?"

"मला दिसलं ना! नवरा लढाईला निघालाय आणि ही बया पांढरं नेसून दारात. मग दुसरं काय होणार?"

"हिरवं होतं ते. हिरवं पडद्यावर असंच फिकट दिसतं." मी दिलं ठोकून.

"तुम्ही घोड्याकडे बघत होतात."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला निघालो की ही हिरवं लुगडं नेसून दारात उभी. हिरवं एकच, लग्नातलं. संध्याकाळी धुवायची, सकाळी नेसायची. पावसाळ्यात ते वाळेना, तर ओलंच गुंडाळायची. दुपारी सुरुंग उडाले की आवाज खाडीवरून कोपरीत यायचा. शेजारची म्हातारी मला सांगायची, आवाज झाला की तुझी बायको हातातलं काम टाकते आणि बांगड्या चाचपत बसते, एखादी पिचली का म्हणून.

पुढे हिला खोकला लागला, तो हटेना. म्हातारी म्हणाली, "अगं पोरी, दादल्याला वाचवायच्या नादात तूच आधी जाशील."

"जाईन की. हिरव्यात जाईन," म्हणाली आणि हसली. मला नाही हसू आलं. आता खाणीत घण मारताना माझं लक्ष घरी. ती खोकत असेल, असंच वाटत राहायचं.

सिनेमा अजून उतरला नव्हता. मी एकटा थिएटरवर गेलो. दारावरच्या माणसाला विचारलं, राणीचं लुगडं कोणत्या रंगाचं? तो म्हणाला, "डोकं फिरलंय काय? बाहेर बोर्ड लागलाय, बघ." बोर्डावर रंगाऱ्याने राणीला पिवळं नेसवलेलं. हळदीचा रंग, शुभच की. हिला नेऊन दाखवलं.

"रंगाऱ्याला काय कळतंय? त्याने सिनेमा बघितलाय का?"

शेवटी दुसरं हिरवं लुगडं घेऊन आलो. तिची भीती मला घालवता येईना, निदान ओलं तरी अंगावरून गेलं. खोकला थांबला. दारात उभं राहणं नाही थांबलं. मी खाण सोडली तेव्हाच ते थांबलं.

या वर्षी ती गेली. माझ्या आधी. बायकांनी विचारलं, कोणतं नेसवायचं? म्हटलं, हे काय विचारणं झालं? हिरवं. त्यांनी चुडा भरला, ओटी भरली, कपाळभर कुंकू लावलं.

तिला बाहेर काढली तेव्हा दारात मी उभा. अंगात पांढरा सदरा. तिने बघितलं असतं तर उंबऱ्यातूनच मागे फिरली असती, अहो, आधी तो सदरा बदला म्हणून.