सोमवारचं जहाज

जहाजांना राजांचीच नावं का द्यायची? हा प्रश्न मी ज्या खोलीत विचारला तिथं माझ्याशिवाय तिघं होते, आणि तिघांनाही उत्तरात काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त मी माझी खेळी लवकर आटपायला हवी होती.

खोली म्हणजे धुळ्यातला एक कॉम्प्युटर क्लास. चपला बाहेर काढायच्या, पडदा सारून आत जायचं, आत गारेगार. बाहेर माणसं उन्हानं करपत असताना यंत्रांना थंडगार हवा, यावरही मी पहिल्याच दिवशी बोलून घेतलं होतं. मी तिथं पत्रकं टाइप करायला शिकत होते. तोवर आमच्या संघटनेची पत्रकं सायक्लोस्टाइलवर निघायची आणि वाचणाऱ्याची बोटं काळी करायची. कॉलेजात मला सगळे ‘अक्का’ म्हणत. वयानं नाही, आवाजानं.

रविवारी दुपारी क्लासला सुट्टी. तेव्हा तिथले सर जळगावहून आणलेल्या फ्लॉपीवरचा एक खेळ लावून द्यायचे. पडद्यावर काळं आकाश, त्यात ठिपके. प्रत्येक ठिपका एक ग्रह. आपण ग्रह वसवायचे, जहाजं बांधायची, दुसऱ्याचे ग्रह घ्यायचे. एकाच कॉम्प्युटरवर तिघांनी आळीपाळीनं बसायचं. तिघांची खेळी झाली की एक फेरी पुरी. दुपारभरात दहाबारा फेऱ्या व्हायच्या, उरलेला डाव पुढच्या रविवारी. सरांचा नियम एकच होता. ज्याचा घरचा ग्रह गेला त्यानं खुर्ची सोडायची. बाहेर बाकावर दोघंतिघं वाट बघत बसलेलेच असत.

मी, चोपड्याचा एक केळीवाल्यांच्या घरचा मुलगा आणि तिसरा साक्रीच्याही पलीकडच्या डोंगरातला, इथं वसतिगृहात राहून शिकणारा. या तिसऱ्याला खुर्चीची किंमत आम्हा दोघांपेक्षा जास्त होती. आठवडाभर त्याच्या बॅचला एका कॉम्प्युटरवर तिघं बसवत. कीबोर्ड धरणारा कायम दुसराच, हा मागून मान लांब करून बघणार. रविवारी त्याची पाळी आली की कीबोर्ड त्याच्या एकट्याच्या हाताखाली. तो एका बोटानं, पण फार नीट टाइप करायचा. खुर्ची गेली असती तर ते बोटही परत मागच्या रांगेत गेलं असतं.

तर नावं. खेळात आपण जहाजाचा नमुना ठरवायचा: सांगाडा किती मोठा, इंधनाची टाकी केवढी, तोफा किती. आणि त्या नमुन्याला नाव द्यायचं. पुढं त्या नमुन्याची जेवढी जहाजं निघतील ती सगळी त्या नावाच्या श्रेणीतली. नाव दिलंच नाही तर खेळ स्वतःच्या यादीतलं देतो. आणि ती यादी! सम्राट, सेनापती, सिंह, ससाणा, वीज. सगळं इंग्रजीत.

“हे ठरवलं कुणी?” मी सरांना विचारलं.

“आरमारांची रीत आहे. पहिलं जहाज निघतं त्याचं नाव पुढं सगळ्या श्रेणीला लागतं. लहान जहाजांना लहान नावं, मोठ्यांना राजेराण्यांची.”

“म्हणजे मालवाहू जहाजाला कुणाचं?”

“त्याला कोण विचारतो,” सर म्हणाले.

मला तिथंच तिडीक आली. माल वाहतं ते बिननावाचं, आणि जाळपोळ करतं त्याला सम्राटाचं नाव? त्या आठवड्यात मी वाचनालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडला. आमच्या वर्तमानपत्रांत ज्याला विनाशिका लिहितात ते जहाज नेमकं कशाचा विनाश करतं, हे मला बघायचं होतं. शोधायला गेले रागानं, पण गुंतून पडले. एकेका जातीच्या जहाजाचं नाव कधी त्याच्या कामावरून पडलंय, कधी चालीवरून, कधी नुसतं जुन्या सवयीनं चालत आलंय. वही भरली. संघटनेच्या बैठकीला त्या दिवशी मी पाऊण तास उशिरा पोचले, आणि कारण सांगितलं नाही.

माझ्या श्रेणींना मी मग स्वतःची नावं दिली. समता. संघर्ष. संकल्प. स्वाभिमान.

चोपड्याचा पडदा बघून म्हणाला, “अक्का, हे आरमार आहे का मोर्चा?”

“तुझं काय आहे ते बघ.”

त्याची सगळी केळी होती. बुटकं, दणकट जहाज ते बसराई. उंच, महागडं ते श्रीमंती. “आमच्याकडं बुटकी केळ वाऱ्यात पडत नाही,” तो म्हणाला, “म्हणून हिला मी पुढं काढतो.” आणि खरंच काढायचा. त्याच्या बसराईंनी माझा संकल्प दोनदा फोडला होता.

डोंगरातल्याची यादी सगळ्यांत साधी. सोम. मंगळ. बुध. गुरू. शुक्र. रवी. इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं टाइप केलेली.

“शनिवारी काय, उपास का?” चोपड्याचा हसला. सरही हसले. तो आपल्या वहीत बघून खेळी करायचा आणि उठायचा.

मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी गप्प बसत नाही, हा माझा जुना रोग. ज्याच्या माणसांनी जंगल राखलं त्याच्या जहाजांना कॅलेंडरचे चौकोन? याला कुणी सांगितलंच नाही का, की त्यालाही मोठी नावं ठेवायचा हक्क आहे? मी हे त्याला विचारलं का? नाही. माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं होतं, आणि पत्रक तयार झालं की मी माणसाला विचारत नसे.

एका रविवारी तो गावाकडं अडकला. जाण्याआधी आपली वही माझ्याकडं देऊन गेला होता. “अक्का, वहीमा लिखेल शे तसंच करजो. दुसरं काही नको.” वहीत प्रत्येक फेरीपुढं जहाजाचं नाव आणि ग्रहाचा आकडा. बस.

मी त्याच्या खुर्चीत बसले आणि पहिलं काम काय केलं? त्याच्या सहाही श्रेणींची नावं बदलली. अरण्य. स्वराज्य. संग्राम. स्वातंत्र्य. सन्मान. सातपुडा. बदलताना अंगावर अक्षरशः काटा आला. सातपुडा त्याच्या गावापासून किती लांब आहे हेही माझ्या लक्षात आलं नाही. त्याच्या बाजूचे डोंगर वेगळे, ते सह्याद्रीचे.

सर मागून म्हणाले, “आता बरी दिसते यादी.”

चौथ्या फेरीपर्यंत माझ्या लक्षात होतं की सोम म्हणजे अरण्य आणि बुध म्हणजे संग्राम. सहाव्या फेरीत शंका आली. खेळ नावं अक्षरांच्या क्रमानं लावतो, त्यामुळं यादीच उलटीपालटी झालेली. संग्राम, सन्मान, स्वराज्य, स्वातंत्र्य, सगळी एकाच तोंडवळ्याची. मी अंदाजानं पाठवत गेले. आठव्या फेरीत दोन जहाजं काळ्या आकाशात मध्येच थांबली. इंधन संपलं. ती जिथं पोचायची होती ते दोन्ही ग्रह कोरडे पडले, आणि चोपड्याच्यानं ते बसराई पाठवून अलगद उचलले.

“मी काही केलं नाही हं,” तो म्हणाला. “दार उघडं दिसलं, आत गेलो.”

पुढच्या रविवारी डोंगरातला आला. खुर्चीत बसला, यादी उघडली आणि नुसता बघत राहिला. मी मनाशी म्हटलं, नावं आवडली असतील.

“मनं सोमवारनं जहाज कोठे शे?”

“ते अरण्य केलंय. किंवा… थांब, स्वराज्य.”

“कोनी करं हाई?”

“मी केलं. अरे, वारांची काय नावं असतात? तुला शोभेल असं काहीतरी—”

तो वळला. त्याचा आवाज चढला नाही, उलट तो प्रमाण मराठीत बोलायला लागला, म्हणजे परक्याशी बोलतात तसा. “शाळेत गुरुजींनी पण माझं नाव बदललं होतं. घरी वाराचं नाव आहे, बाजारच्या दिवशी जन्मलो म्हणून. ते म्हणाले, दाखल्यावर चांगलं दिसायला पाहिजे. तेही चांगलेच होते, अक्का.”

मी त्याची वही त्याच्यापुढं ठेवली.

“वार कशाचे?” मी विचारलं. हा प्रश्न मी दोन महिने आधी विचारायला हवा होता.

मग त्यानं सांगितलं. त्याचे मामा मीठ-मिरची विकायचे. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या, असे सहा दिवस सहा गावं. जवळच्या गावाला थोडा माल, लांबच्याला जास्त. कुठल्याही गावाला कागद पाठवावा लागत नसे. सोमवार आला की मामा येणार हे गावाला ठाऊक आणि मामालाही. लहानपणी तो गाडीत मिठाच्या पोत्यावर बसून सगळे बाजार फिरला होता. इथंही त्यानं तेच मांडलं होतं. सात फेऱ्यांचा आठवडा. सहा लांबचे ग्रह, तिथं इंधन पिकत नाही. प्रत्येक ग्रहाला त्याच्या वारी एक जहाज, अंतर बघून टाकी. नाव वाचलं की कुठं जायचं, कधी जायचं, किती भरायचं, सगळं कळतं.

शब्दकोशातल्या सगळ्या आरमारांत मला असं एकही नाव सापडलं नव्हतं, जे वाचल्यावर जहाजाला कामाला लावता येईल.

“आणि शनिवार?”

“शनवारले बाजार नसे,” तो म्हणाला. आवाज जरा सैल झाला होता. “मामा घर ऱ्हाये. बैल धुये, गाडीले वंगन दे.”

“संपली का कथा?” चोपड्याचा म्हणाला. “माझी पाळी राहिलीय. आणि सांगून ठेवतो, मी घरच्या ग्रहावर निघालोय. तीन फेऱ्यांत पोचतो.”

“त्याची जहाजं माझ्यामुळं अडकलीत, हे तुला दिसतंय ना?”

“अक्का, खेळात निवेदन चालत नाही.”

बाकावरचा एक जण उठून दारात येऊन उभाही राहिला. खुर्ची रिकामी होणार हे त्यालाही दिसत होतं.

आमच्याकडं तीन फेऱ्या होत्या. मी टाइप करायला बसले आणि तो शेजारी उभा राहिला. एकेक नमुना उघडायचा, टाकी बघायची. “सर्वात मोठी टाकी, ती गुरुवारनी. त्यानाखाल मंगळवार.” मी स्वातंत्र्य खोडून गुरू लिहिलं, स्वराज्य खोडून मंगळ. स्वातंत्र्य खोडताना मला कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू. अडकलेली दोन जहाजं शुक्र आणि बुध निघाली. ती हातची गेली होती. उरली चार.

“आते ह्या बठ्ठास्ले घर बलाव,” तो माझ्या कानाशी कुजबुजला.

“सगळी घरी? लगेच? उरलेले ग्रह कोरडे पडतील,” मीही हळूच म्हटलं.

“वहीमा बघ.”

वहीत बघितलं. ही फेरी गुरुवारची. पुढची शुक्र. तिसरी शनिवार.

शनिवारी मामा घरी, म्हणजे जहाजंही सगळी घरी. एरवी सातपैकी सहा फेऱ्या त्याच्या घरच्या ग्रहावर चिटपाखरू नसायचं. चोपड्याच्यानं दोन महिने तेच बघितलं होतं आणि त्यावरच हिशेब मांडला होता. ज्या वाराचं जहाज नव्हतं, त्या वाराला तो हसला होता. वार मोजले मात्र नव्हते.

मी काही बोलले नाही. हे मला किती अवघड गेलं ते माझं मला माहीत.

तिसऱ्या फेरीत बसराईंची रांग घरच्या ग्रहावर उतरली. तिथं सोम, मंगळ, गुरू, रवी चौघंही वंगण घालून उभी. प्रत्येकावर दोनच तोफा, पण ग्रहाच्या स्वतःच्या तोफा वेगळ्या. पडद्यावर ठिणग्या उडाल्या, आणि बसराईंच्या यादीतले आकडे एकेक करून पुसले गेले. शेवटी एक श्रीमंती उरली, ती मागं फिरली.

“हे कुठून आलं सगळं?” चोपड्याचा खुर्चीतून अर्धवट उठला.

“उपास व्हता ना आज,” डोंगरातला म्हणाला. “बठ्ठा घरच शेतस.”

सर एवढे हसले की चष्मा काढून पुसला. दारातला पोरगा परत बाकावर जाऊन बसला.

गेलेले दोन ग्रह मात्र त्याला त्या डावात परत मिळाले नाहीत. ते माझ्या नावावर. मी तेव्हा माफी मागितली, पण पत्रकी भाषेत, म्हणजे लांबलचक. त्यानं मध्येच थांबवलं. “जाऊ दे, पाळी तुनी शे.”

पुढच्या रविवारी मी त्याच्या मागं उभी होते. त्याच्या यादीत सहा वारांखाली एक सातवं नाव दिसलं. AKKA.

माझा हात कीबोर्डकडं जायला निघाला होता. मी तो मागं बांधला. “हे काय आहे?” मी विचारलं.

“टेहळणीनं जहाज. तोफ नही, माल नही. नुसती मोठी टाकी.”

“आणि जातं कुठं?”

“कोठे बी. कोनले न इचारता.” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “पन परत यी सन बठ्ठं सांगस.”

चोपड्याचा टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मी विचारलं, टाकी किती मोठी आहे. त्यानं आकडा दाखवला. गुरुवारपेक्षाही मोठी होती.