मरव्याला केळीचं पाणी

मी मरव्याला केळीसारखं पाणी पाजलं आणि घालवला.

मरवा माझा असता तर एकवेळ हसलो असतो. तो बायकोच्या माहेरचा, जसोंडीचा. तिथं घर वाढवताना अंगणातला मरवा फरशीखाली गेला. बायकोनं आधी कधीतरी एक फांदी आणून आमच्या बुऱ्हाणपूरच्या गच्चीवर तेलाच्या डब्यात लावली होती, तेवढीच उरली. आता सासूबाई महिनाअखेरच्या रविवारी येणार होत्या, त्याच्या फांद्या परत गावी न्यायला.

डब्यातलं ते रोप बघून माझ्या अंगात शेतकरी संचारला. मी बहादरपूरच्या केळीवाल्यांचा; भले आता दुकानात बसून कापड मोजतो. म्हटलं, सासूबाईंना रोप दाखवायचं तर थाटात! गच्चीवर विटांचा गुडघाभर उंच वाफा बांधला. स्लॅब गळू नये म्हणून तळाशी जाड प्लास्टिक अंथरलं. वर काळी माती, शेणखत आणि शेतातली उरलेली ठिबकची नळी. डब्यातला मरवा काढून त्यात लावला. आमच्या घरात केळीला 'पुरे' म्हणायची पद्धतच नाही.

"अहो, त्याला इतकं पाणी नाही लागत," बायको म्हणाली.

"तू वेणीत माळायचं बघ. शेती माझ्याकडे."

थोड्याच दिवसांत मरव्यानं मान टाकली. ऊन मरणाचं, म्हणजे तहानच असणार! नळी जास्त वेळ सोडली. मान आणखी खाली. मग काय, आणखी पाणी.

आदल्या शनिवारी रोपाला काडीचा आधार द्यावा म्हणून मातीत बोटं घातली, तर हात मनगटापर्यंत आत गेला. भस्सकन गटारीचा वास आला. रोप जरासं धरलं आणि अख्खं हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत, शिजलेल्या भाजीसारखी. वाफा कसला? मी बिनतोटीची टाकी बांधली होती, आणि सासूबाईंचा मरवा त्यात बुडवला होता.

बायको वर आली. तिनं बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. तिनं एक पान चुरगाळलं, बोटं नाकाशी धरली आणि तशीच मूठ मिटून खाली गेली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

रविवारी सासूबाई थेट गच्चीवर. वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वाकून वाफ्यात पडलेल्या त्या मेल्या रोपाच्या शेंड्याशी उरलेल्या दोन हिरव्या काड्या खुडल्या आणि सोबत आणलेल्या वाळूच्या कुंडीत खोचल्या.

"जगतील का हो?" मी विचारलं.

"जसोंडीत जगतील." त्यांनी कुंडी उचलून लेकीच्या हातात दिली. "अन् जवाईबापू, तुम्हाला पाहायचं असंल तर खुशाल या. फक्त हात मागं बांधून या."