बियाण्याच्या कोठीतला उंदीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच — त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आमच्या ब्राह्मणपुरीत पाऊस हल्ली लहरी जावयासारखा वागतो. येतो, पेरायला लावतो, नि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. म्हणून आमच्या बचत गटातल्या बायकांनी दुबार पेरणीसाठी गावरान मूग राखून ठेवायचं ठरवलं, साठ दिवसांत हाती येणारा. तळोद्याच्या रशीदभाईंकडून पत्र्याची कोठी करून आणली. त्यांच्या झाकणातून मुंगीसुद्धा शिरत नाही, अशी त्यांची ख्याती. कोठी ठेवायची कुणाकडे? माझ्याकडे — मी भारी शिस्तीची ना!

आता कसं सांगू? माझ्या हातचे मुगाचे वडे जावईबापूंना फार आवडतात. दिवाळीत एक वाटी काढली. संक्रांतीला दोन. पुन्हा भरून ठेवू म्हटलं — ठेवलं का? नाही. उन्हाळ्यात तर हात आपोआप झाकणाकडे जायचा. वडे छानच व्हायचे, ते खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी पेरलेलं सगळं करपलं. नंतर पाऊस परतला, नि बायका टोपल्या घेऊन दारात उभ्या. कोठीच्या तळाला जेमतेम चार वाट्या मूग. सगळ्या माझ्याकडे बघतायत — आणि मी म्हणाले, उंदरांनी खाल्ला, रशीदभाईंचं झाकणच ढिलं आहे.

किती सहज निघालं ते तोंडातून.

गाव काही माझ्या भरवशावर बसलं नाही. बायकांनी घराघरांतल्या डब्यांतून मूठमूठ गावरान मूग गोळा केला, पेरला, तो उगवलाही. पण रशीदभाईंना निरोप गेलाच. तिसऱ्या दिवशी बिचारे नवं झाकण घेऊन एसटीने आले. कोठीत डोकं घालून बराच वेळ बघत राहिले. एक लेंडी नाही, कुरतडल्याची खूण नाही. मग माझ्याकडे वळून आपल्या अहिराणीत हळूच म्हणाले, "वहिनी, तुमना उंदीर भलता साफसुथरा शे."

आता हे सगळ्यांसमोर बोलणार? ते ओट्यावर गेले नि तिथे जमलेल्या बायकांना म्हणाले, "चूक मन्ही शे. झाकण ढिलं ऱ्हायनं."

आणि मी? मी — त्यांना चहा दिला.

आता आमच्या गटाच्या सहा घरांत सहा कोठ्या आहेत. एका घरचे उंदीर सगळ्या गावाला भारी पडू नयेत, ही कल्पना माझीच. बाहेरगावच्या बायका बघायला येतात, मी ऐटीत समजावून सांगते. सांगताना मजाही येते, काय करू?

त्या सहाही कोठ्या शहाद्याच्या दुकानातल्या आहेत. रशीदभाईंकडे नको, त्यांचं काम ढिलं, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. मग हात वर करायला सांगितले. सगळ्यात आधी माझा वर गेला.