शेवटच्या स्टॉपनंतरची दहा मिनिटं

बालवाडीच्या व्हॅनवाल्याला मुलं काका म्हणतात, यात सांगण्यासारखं काही नाही. पण या व्हॅनवाल्याची स्वतःची मुलगीसुद्धा त्याला काकाच म्हणायची, आणि तेही त्याच्याच हुकमावरून. "गाडीत बसलीस की मी बाबा नाही. गाडीत सगळी पोरं सारखी," असं त्याने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हा ती जेमतेम अडीच वर्षांची होती. तिने ते एवढं मनावर घेतलं की गाडीत पाय पडला रे पडला, की ‘बाबा, तू’चं ‘काका, तुम्ही’ होऊन जाई. घरी त्याच्या पाठीवर बसून त्याचे कान पिळणारी ही पोर गाडीत मात्र "काका, तुम्ही खिडकी जरा उघडता का?" असं एखाद्या परक्या बाईच्या अदबीने विचारायची.

घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरलीच नाही. आणि भिंगरीने त्याला काका म्हणण्याची ही काही पहिलीच खेप नव्हती.

व्हॅन घेण्याआधी तो ट्रक चालवायचा, लांब पल्ल्याचा. एकदा बाहेर पडला की वीस-वीस दिवस घराचं तोंड दिसत नसे. अशाच एका फेरीनंतर तो दाढी वाढलेल्या अवतारात घरी आला आणि दारातच त्याने हात पुढे केले. दीड वर्षाची भिंगरी आईच्या मागे लपली आणि तिने आईला कळवलं, "काका आला." बायकोला हसू आवरेना. तो पण हसला, करतो काय! आंघोळीला गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत बसून राहिला. वर्षाच्या आत त्याने ट्रक सोडला आणि जुनी व्हॅन घेतली. ट्रकवाले मित्र म्हणाले, "अरे, तू आता पोरांची नाकं पुसणार?" त्याने खरोखरच पोरांची नाकं पुसली. त्यासाठी समोरच्या कप्प्यात मऊ फडक्यांची चळत असे.

ज्या हाकेसाठी ट्रक सोडला, तीच हाक गाडीत बंद करणारा हा असा माणूस. पण त्याला कारण होतं. इतर अकरा मुलांच्या डोळ्यांत पाणी यायला फार काही लागत नसे. एकीने ‘बाबा’ म्हटलं की अकरा जणांना आपापले बाबा आठवत, आणि मग पुढच्या सिग्नलपर्यंत जो सूर लागे तो लागे.

मात्र या नियमाला एक पळवाट होती. भिंगरीचं घर सगळ्यांच्या शेवटी. शेवटच्या स्टॉपला एक दोन वेण्यांची मुलगी उतरायची, व्हॅनकाका तिला लाडाने शेंडेफळ म्हणे. शेंडेफळ उतरली, दार सरकून बंद झालं, की मागून लगेच आवाज येई, "बाबा, ऐक ना." तिथून घरापर्यंत दहा मिनिटं लागत. त्या दहा मिनिटांत जगातल्या सगळ्या बातम्या येत. कोणी कोणाचा खडू खाल्ला, ताईंचा घसा बसला म्हणून ताई दिवसभर खुणांनीच कशा बोलल्या, मुंगी झोपते का. भिंगरी त्याच्या बरोबर मागच्या सीटवर बसे, त्यामुळे ती आरशात दिसत नसे. फक्त आवाज येई आणि पाठीत तिचे बूट बसत. "अगं, माझी पाठ आहे ती," असं तो रोज म्हणे. आणि बोलायचं म्हणून म्हणे.

तीन वर्षं अशी गेली, आणि आज बालवाडीचा शेवटचा दिवस उगवला. उन्हाळ्यानंतर भिंगरी मोठ्या शाळेत जाणार होती. ती शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिची स्वतःची बस, तिचा स्वतःचा ड्रायव्हर. म्हणजे ती दहा मिनिटं आज शेवटची. हे त्याला महिनाभर आधीपासून माहीत होतं आणि महिनाभर त्याच्या जिवाला घोर लागला होता. पण माणूस रडूबाई दिसू नये म्हणून जे करतो तेच त्याने केलं, समारंभ करायचं ठरवलं. सकाळीच चाळीस फुगे आणले. सीटखाली बर्फाच्या डब्यात आइस्क्रीमचे दोन कप लपवले. शेंडेफळ उतरली की पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानापाशी गाडी थांबवायची, दोघांनी आइस्क्रीम खायचं, आणि सावकाश घरी जायचं. बायकोलाही त्याने हे सांगितलं नव्हतं. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि दुपारी घरी येणार होती. तोवरचा वेळ आपला, असा त्याचा हिशेब.

बालवाडीत गाणी झाली. डोक्यावर कागदी मुकुट घातलेली मुलं ओळीत उभी राहून तीन वेगवेगळ्या सुरांत एकच गाणं म्हणाली. भिंगरीने मधेच शेजारच्याचा मुकुट सरळ केला आणि तेवढ्यात तिचं कडवं हुकलं. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. पहिल्या दिवशी याच खोलीच्या दाराशी तिने त्याच्या शर्टाचं बटण एवढं घट्ट धरलं होतं की बटण तिच्या मुठीतच राहिलं. आज ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याचे डोळे भरून आले, तसा तो फुगे फुगवायच्या निमित्ताने बाहेर सटकला.

चाळीस फुगे तोंडाने फुगवल्यावर माणसाचं डोकं किती ठिकाणावर राहतं, ते ज्याने फुगवलेत त्याला विचारा. गाडी फुग्यांनी गच्च भरली. मुलं किंचाळत, एकमेकांना ढकलत आत शिरली. त्याने रोजच्यासारखी डोकी मोजली. अकरा मुकुट. यादीत अकरा, गाडीत अकरा. भिंगरी त्याच्या यादीत कधीच नव्हती. ती सगळ्यांच्या आधी धावत येऊन आपल्या जागेवर बसे, मग तिला मोजायचं कशाला? त्याने दार लावलं, हॉर्न वाजवला आणि गाडी काढली.

फोन वाजला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा त्याचा आणखी एक नियम. फोन पुन्हा वाजला. "काका, फोन," मुलं म्हणाली. "गाडी चालवताना नाही," तो ताठ मानेने म्हणाला. पाच वेळा फोन वाजला आणि पाच वेळा त्याने तत्त्व पाळलं.

पहिल्या स्टॉपला एक मुलगा उतरला, दुसऱ्या स्टॉपला एक मुलगी. पुढच्या वळणावर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टायरचा आवाज ठीक, ब्रेक ठीक. मग लक्षात आलं, पाठीत काही लागत नाहीये. इतका वेळ झाला आणि पाठीत एकही बूट बसला नाही.

"भिंगरी?" त्याने न वळता हाक मारली.

"काका, ती नाहीये. इथे फुगा आहे," शेंडेफळ म्हणाली.

त्याने गाडी कडेला घेतली आणि हाताने मागच्या सीटवर चाचपलं. फुगाच होता. अकरा लोकांची अकरा पोरं नीट मोजून घेतलेल्या माणसाने स्वतःची एकुलती एक पोर मागे ठेवली होती, आणि तीही तिच्या शेवटच्या दिवशी! त्याने गाडी वळवली. नऊ मुलांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या रस्त्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना ते ठाऊक आहे.

भिंगरी बालवाडीच्या पायरीवर बसून कामवाल्या मावशींना कागदी पताका गुंडाळायला मदत करत होती. मावशींनी त्याला बघितलं आणि तोंड सोडलं, "या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फोन कशाला बाळगता हो तुम्ही? ताईंनी तुमच्या बायकोलासुद्धा कळवलंय."

"पण ही गेली कुठे होती?"

"शू करायला," भिंगरी म्हणाली. "गाडीत बसायच्या आधी करायची असते ना. तुम्हीच सांगितलंय, काका."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "रडलीस का गं?"

"नाही." तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. मग तिने त्याच्या खांद्यावरून गाडीकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही अजून सगळ्यांना सोडलं नाहीत? मला वाटलं, सगळ्यांना सोडून मग मला न्यायला याल. मी शेवटचीच असते ना."

तिला एका क्षणासाठीही वाटलं नव्हतं की आपला बाप आपल्याला विसरला. त्याला मात्र तिच्याकडे बघवेना. ती ओरडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. त्याने तिला उचलून छातीशी धरलं आणि गाडीचे नियम गेले खड्ड्यात असं मनात म्हटलं. पण तीच कानात कुजबुजली, "काका, सगळे बघतायत."

त्याने बायकोला फोन लावला. "मिळाली," तो म्हणाला.

"मिळाली म्हणजे? ती हरवली होती का? हरवला होतात तुम्ही!" बायको कडाडली, आणि मग तिलाच हुंदका आला. "घरी या. बघते तुमच्याकडे."

या वेळी तिला तिच्या जागेवर बसवून मगच त्याने बाकीची डोकी मोजली. गाडी निघाली आणि थोड्याच वेळात पाठीत बूट बसले, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. एकेक स्टॉप मागे पडत गेला. प्रत्येक दाराशी "उशीर का झाला?" हा प्रश्न होता आणि प्रत्येक दाराशी गाडीतले साक्षीदार उत्तर द्यायला टपलेले होते, "काका भिंगरीलाच विसरले!" त्याने सगळीकडे मान खाली घातली. त्याचं खरं लक्ष होतं सीटखालच्या डब्याकडे. आइस्क्रीम अजून पातळ झालं नसेल. अजून सगळं हातचं गेलं नव्हतं.

शेवटचा स्टॉप आला. शेंडेफळची आई फाटकाशी उभी होती. तिच्या मागे अंगणात मोठ्या टबात पाणी भरलेलं दिसत होतं आणि त्यात एक प्लास्टिकचं जहाज तरंगत होतं. शेंडेफळ उतरली. तो दार लावायला हात पुढे करणार, तेवढ्यात मागून त्याच्या कानाशी गरम श्वास लागला.

"काका, मी पण इथे उतरू?"

"इथे? का गं?"

"ती म्हणाली, ये. जहाज आहे. तिची आई पण हो म्हणाली."

"असू दे ना दोन तास," फाटकातून आई म्हणाली. "आज शेवटचा दिवस. आता कुठे भेटणार या दोघी रोज?"

नाही म्हणायला त्याच्याकडे सतरा कारणं होती. आई वाट बघते, कपडे भिजतील, उशीर झालाय. त्यातलं एक त्याच्या ओठांवर आलंसुद्धा. पण तासाभरापूर्वी जिला विसरून आलो, तिला आता कोणत्या तोंडाने सांगणार, की आज तू माझ्याजवळच थांब? आणि तिने सरळ सरळ परवानगी मागितली होती, ताठ मानेने, इतर कुठल्याही मुलासारखी.

"उतर," तो म्हणाला. "सावकाश. पायरीकडे बघून."

ती उतरली. त्याने सीटखालचा डबा काढून तिच्या हातात दिला. "दोघींना आहे यात. लगेच खा, नाहीतर पाणी होईल." दोघी डबा धरून पळाल्या. भिंगरी फाटकातून आत गेली, आणि तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघायचं कशाला? आत जहाज होतं.

तो निघाला. मागे फुगे एकमेकांवर घासून कुरकुरत होते. पाण्याची टाकी आली आणि गेली. घरासमोर गाडी लावताना त्याचं सहज घड्याळाकडे लक्ष गेलं आणि तो चक्रावला. सहा मिनिटं झाली होती. त्याने पुन्हा बघितलं. शेवटच्या स्टॉपपासून घरापर्यंत फक्त सहा मिनिटं.

बायको दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिने गाडीत डोकावलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "पुन्हा विसरलात?"

"नाही गं. मैत्रिणीकडे उतरली. तिनेच विचारलं, उतरू का. मी हो म्हटलं."

"मग चांगलं झालं की." ती त्याच्या खिडकीशी आली आणि थबकली. "अहो, रडताय काय?"

"रस्ता सहाच मिनिटांचा आहे," तो म्हणाला. "तीन वर्षं मी दहा समजत होतो. ती बोलत असायची, म्हणून माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा बहुतेक. मला कधी कळलंच नाही. आणि आजची शेवटची होती गं."

बायकोने त्याला झापायची सगळी तयारी करून ठेवली होती. ती तिने तशीच ठेवून दिली. घराला कुलूप लावलं, गाडीला वळसा घालून आली, शेजारच्या सीटवरचे दोन फुगे मागे ढकलले आणि बसली.

"चला, तिला आणायला जाऊ."

"अगं, अजून दोन तास आहेत."

"असू देत," ती म्हणाली. "हळू चालवा."