आवाज ऑफिसात आला पाहिजे

अन्याय झाला तो आमच्या शाळेतल्या गणिताच्या नव्या बाईंवर. कधी? गेवराईकडच्या आमच्या गावात केबल आली त्या साली, शाळा उघडून पंधरवडा झाला होता, मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला. मी शेजारच्या वर्गावर शिकवत होतो, म्हणून सांगतो.

देशानं अख्खा बाजार उघडला, पण आमच्या हेडमास्तरांनी वर्गाचं दार कधी उघडलं नाही. ते खुर्चीत बसून कानानं शाळा चालवत. ज्या वर्गाचा आवाज ऑफिसात आला तिथं शिकवणं चालू, नाही आला तिथं बंद. एक जुने गुरुजी पोरांना पाढे लावून देऊन डुलकी काढत. त्यांचा वर्ग पार एसटी थांब्यावर ऐकू जाई. ते आमचे आदर्श शिक्षक!

त्या मंगळवारी बाई पाचवीत भाकरी घेऊन गेल्या. तिसरा हिस्सा मोठा की चौथा? पोरं म्हणाली, चौथा. चार मोठे असतात ना! मग बाईंनी सारख्या भाकरींचे कुठं तीन, कुठं चार तुकडे करून वाटले. पोरं तुकड्यावर तुकडा ठेवून बघायला लागली. वर्ग चिडीचूप.

शिपाई आला. "बाई, सर म्हनतेत, आवाज येत न्हाई."

मागोमाग खुद्द सर, उंबऱ्याबाहेर. "वर्ग मेल्यावानी गप कावून हाय?"

"सर, पोरं विचार करताहेत."

"विचार घरी करतील. शाळेत शिकवायचं असतंय."

"मग एक तास मागं बसा ना सर. माझं कुठं चुकतंय ते सांगा."

सर हसले. "मी बसू? मी हेडमास्तर हाय बाई, पाचवीतलं पोरगं न्हाई."

वर्षभरात बाईंना मिळालेलं मार्गदर्शन ते एवढंच. गुरुजींनी तेवढा धीर दिला, "पाढे लावून द्या अन् निवांत बसा. मला कुनी बोलतंय का?"

बाई बसल्या नाहीत. वर्षाअखेर त्यांना कायम करायचं का, अशी बैठक झाली. सर म्हणाले, "वर्गावर पकड न्हाई." संस्थेच्या अध्यक्षांनी मान हलवली, वर्ग त्यांनी तरी कुठं पाहिला होता? बाईंची नोकरी गेली. पोरांना अपूर्णांक आले का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

तुमचं लेकरू ज्या शाळेत जातं तिथं उद्याच जा. हेडमास्तरांना विचारा, या महिन्यात कोणत्या शिक्षकाच्या वर्गात पूर्ण तास बसलात, अन् नंतर त्याला काय सांगितलंत? ते चहा मागवतील. पिऊ नका. त्यांना उठवा अन् वर्गात नेऊन बसवा.